सहलीची वाट आणि वादळाची वार्ता

सहलीचा आनंद गाडी सुटते त्या क्षणी सुरू होतो असे मानणे बरोबर नव्हे. तो त्यापूर्वी कितीतरी आठवडे घरात नांदू लागलेला असतो. तिकिटे काढली जातात, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एका तारखेभोवती लाल वर्तुळ उमटते आणि मुले रोज झोपण्यापूर्वी उरलेले दिवस मोजू लागतात. वडीलधारी माणसे वरकरणी हिशेबात गुंतलेली दिसली, तरी मनातून तीही दिवसच मोजत असतात. अशा भरल्या घरात एके सायंकाळी बातमी येते की, जिथे जावयाचे त्याच प्रांताच्या दिशेने समुद्रावरून एक चक्रीवादळ निघाले आहे. त्या वेळी घरातल्या माणसांनी मन कसे सावरावे आणि निर्णय कसा करावा, हा आजच्या आपल्या लेखाचा विषय आहे.

उदाहरणादाखल आपण अमेरिकेतील फ्लोरिडा हे राज्य घेऊ. इतक्या दूरच्या मुलखाशी आपला काय संबंध, अशी शंका आता फारशी कोणी काढणार नाही. पुणे-नागपुरात काय, किंवा इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी वस्तीत काय, ज्यांचा मुलगा, मुलगी किंवा भाचा अमेरिकेत नाही अशी घरे शोधावी लागतात. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी तिकडे जातात तेव्हा नातवंडांचा पहिला हट्ट बहुधा एकच असतो, तो म्हणजे सर्वांनी मिळून डिस्ने वर्ल्डला जाण्याचा. ज्यांना जाणे जमत नाही ते इकडे बसून तिकडच्या बातम्या ऐकत असतात आणि वादळाचे नाव कानी पडताच त्यांच्या जिवाची घालमेल होते. तेव्हा हा प्रश्न परक्याचा राहिलेला नाही.

प्रथम त्या स्थळाची ओळख करून घेऊ. १९६३ च्या नोव्हेंबर महिन्यात वॉल्ट डिस्ने यांनी विमानातून फ्लोरिडाच्या मध्यभागाची पाहणी केली. खाली पसरली होती ती दलदल, तळी आणि रान. त्याच भूमीवर मोठे उद्यान उभारण्याचा त्यांचा मनोदय ठरला. परंतु ते पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९६६ च्या डिसेंबरात ते निवर्तले आणि त्यांचे वडील बंधू रॉय यांनी आपली निवृत्ती लांबणीवर टाकून ते काम तडीस नेले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उद्यानाचे दरवाजे उघडले. आज तेथे चार मोठी थीम पार्के आहेत. मॅजिक किंग्डम हे पहिले. त्यानंतर १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आज हॉलिवूड स्टुडिओज या नावाने ओळखले जाणारे उद्यान आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंग्डम. सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या या विस्तारात हॉटेले, तळी आणि रस्ते आहेत. जवळचे मोठे शहर ऑरलँडो.

या जागेविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ती किनाऱ्यावर नाही. अटलांटिक महासागर आणि मेक्सिकोचे आखात हे दोन्ही तेथून मोटारीने साधारण तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत. चक्रीवादळाबरोबर समुद्राचे पाणी फुगून जमिनीवर चाल करून येते, ती त्या वादळाची सर्वांत घातक बाजू होय. तो धोका ऑरलँडोला नाही. परंतु वारा, मुसळधार पाऊस, त्यामुळे येणारा पूर आणि वादळाच्या कडेने उठणाऱ्या लहान लहान चक्रवाती भोवऱ्यांचा धोका मात्र आहे. म्हणून ‘तिथे काही होत नाही’ हे बोलणे जितके चुकीचे, तितकेच ‘आता सारे वाहून जाणार’ हे बोलणेही चुकीचे.

अटलांटिकमधील चक्रीवादळांचा मोसम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत मानला जातो आणि त्याचा ऐन भर १० सप्टेंबरच्या सुमारास असतो. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून हवेचे अस्थिर पट्टे महासागरावर उतरतात. समुद्राचे पाणी सुमारे २६.५ अंश सेल्सिअसहून अधिक तापलेले असले आणि वरच्या थरांतील वारे फारसे आडवेतिडवे वाहत नसले, म्हणजे त्यांतील काही पट्टे बाष्पाच्या उष्णतेवर पोसले जाऊन गरगरू लागतात. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी पाहिली तर एका मोसमात नाव देण्याजोगी १४ वादळे होतात. त्यांपैकी ७ हरिकेनच्या पदवीला पोहोचतात आणि ३ महाभयंकर ठरतात. हरिकेन म्हणजे आपल्या बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळाचाच भाऊ. त्याची पहिली श्रेणी ताशी ११९ किलोमीटर वाऱ्यापासून सुरू होते आणि पाचवी, म्हणजे शेवटची, २५२ किलोमीटरपासून.

आता योगायोग पाहा. अमेरिकेतील शाळा ऑगस्टात सुरू होत जातात, म्हणून सप्टेंबरात उद्यानांतील गर्दी ओसरते आणि मुक्कामाचे दरही पुष्कळदा उतरतात. काटकसरी कुटुंबाला तो काळ सोयीचा वाटतो. स्वस्ताईचा महिना आणि वादळाचा महिना एकच असल्यामुळे, जे कुटुंब विचारपूर्वक पैसा वाचवू पाहते तेच नेमके वादळाच्या बातमीत सापडण्याचा संभव अधिक. यात कोणाचा दोष नाही. परंतु सप्टेंबरची तारीख ठरविणाऱ्याने वादळाची शक्यता त्या तारखेबरोबरच घरात आणली आहे, हे प्रथमपासून उमजून असावे.

बातमी आल्यावर घरात दोन भावना एकदम उठतात. एक भीतीची, दुसरी निराशेची. त्या एकमेकींत इतक्या मिसळतात की माणसाला आपण कशाने व्याकूळ झालो आहोत हेच कळेनासे होते. ‘जीव धोक्यात आहे काय?’ हा एक प्रश्न. ‘आपली सहल बुडते काय?’ हा अगदी वेगळा प्रश्न. पहिल्याचे उत्तर हवामानशास्त्र देते, दुसऱ्याचे आपले आपण द्यावयाचे असते. हे दोन प्रश्न वेगळे केले की अर्धे ओझे उतरते. सहल गमावण्याच्या दुःखापायी धोक्याकडे डोळेझाक करणारी माणसे असतात, तशीच धोका नसताना भीतीपायी सहल टाकून देणारीही असतात. फ्लोरिडाच्या इतिहासात या दोहोंना उद्देशून दोन धडे आहेत.

पहिला धडा १९९९ चा. त्या सप्टेंबरात फ्लॉइड नावाचे अतिप्रचंड वादळ फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याकडे सरळ चालून येत होते. डिस्ने वर्ल्डने उघडल्यापासून प्रथमच वादळाच्या भयाने आपली उद्याने बंद केली. किनाऱ्यावरील लक्षावधी लोकांनी घरे सोडली. आणि मग वादळ उत्तरेकडे वळले, फ्लोरिडाला केवळ स्पर्श करून गेले आणि १६ सप्टेंबरला नॉर्थ कॅरोलायनात जमिनीवर आले. पर्यटकांपैकी पुष्कळांना त्या वेळी वाटले असेल की आपला दिवस फुकट गेला. परंतु नॉर्थ कॅरोलायनात त्याच वादळाने आणलेल्या पुराने जो हाहाकार केला तो पाहिला, म्हणजे तो दिवस फुकट गेला असे म्हणवत नाही.

दुसरा धडा २००४ चा. चार्ली नावाचे वादळ टँपा शहरावर येणार असा अंदाज होता. सावधगिरी म्हणून टँपाच्या बाजूची कितीतरी माणसे आतल्या भागात, ऑरलँडोकडे निघून आली. १३ ऑगस्टला ते वादळ काही तासांत अकल्पितपणे बळावले, अपेक्षेपेक्षा लवकर उजवीकडे वळले आणि टँपाच्या पुष्कळ दक्षिणेस, पुंटा गोर्डाजवळ, ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने किनाऱ्यावर चढले. तेथून ते तिरपे राज्य ओलांडत निघाले ते थेट ऑरलँडोवर. तेथील विमानतळावर वाऱ्याचा झोत ताशी १६९ किलोमीटरपर्यंत गेला. आसऱ्यासाठी आलेली माणसेच वादळाच्या वाटेत सापडली. त्याच मोसमात सप्टेंबरमध्ये फ्रान्सिस आणि जीन ही आणखी दोन वादळे त्या भागावरून गेली.

चार्लीच्या प्रकरणात एक बोधप्रद गोष्ट आहे. पुंटा गोर्डा हे धोक्याच्या इशाऱ्याबाहेर नव्हते. अंदाजाच्या नकाशातील संशयित पट्ट्यात ते होतेच. परंतु लोकांची दृष्टी खिळली होती ती त्या पट्ट्याच्या मध्यातून जाणाऱ्या बारीक काळ्या रेषेवर. रेषा टँपावर होती, म्हणून दक्षिणेकडील अनेकांना आपण सुटलो असे वाटले. म्हणून नकाशा कसा वाचावा हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्र पाच दिवसांपर्यंतचा मार्ग वर्तविते. तो नकाशावर शंकूच्या आकाराने दाखविला जातो. जवळच्या दिवसांसाठी अरुंद, दूरच्या दिवसांसाठी रुंद. हा शंकू म्हणजे वादळाचा आकार नव्हे. वादळाचा मध्यबिंदू कोठे कोठे जाऊ शकेल, त्याची ती मर्यादा आहे, आणि तीही गेल्या काही वर्षांच्या चुकांवरून आखलेली. दर तीन वेळांपैकी साधारण दोन वेळा मध्यबिंदू शंकूत राहतो. एकदा बाहेरही जातो. शिवाय पाऊस आणि वारा मध्यापासून शेकडो किलोमीटर पसरलेले असतात. त्यामुळे शंकूच्या कडेला असलेल्या गावाने निश्चिंत होऊ नये आणि पाच दिवसांनंतरच्या टोकाला असलेल्या गावाने आजच हाय खाऊ नये.

दोन शब्द नीट ओळखून ठेवावेत. एक ‘वॉच’, म्हणजे सावधानतेची सूचना: वादळी परिस्थिती ४८ तासांच्या सुमारास संभवते. दुसरा ‘वॉर्निंग’, म्हणजे धोक्याचा इशारा: ती ३६ तासांच्या आत अपेक्षित आहे. ‘संभवते’ आणि ‘अपेक्षित आहे’ यांतील अंतर लहान नव्हे. आपल्याकडेही भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाच्या सूचना अशाच टप्प्याटप्प्याने देतो. किनाऱ्याजवळ राहणाऱ्या वाचकांना ती पद्धत परिचयाची आहेच.

हे केंद्र वादळ चालू असताना दर सहा तासांनी पत्रक काढते. तेथील उन्हाळी वेळेप्रमाणे पहाटे ५, सकाळी ११, सायंकाळी ५ आणि रात्री ११ हे त्याचे ठराविक समय. भारतीय वेळेनुसार ते अनुक्रमे दुपारी २.३०, रात्री ८.३०, पहाटे २.३० आणि सकाळी ८.३० येतात. म्हणजे ज्यांची मुले तिकडे सहलीला निघाली आहेत त्या आई-वडिलांनी सकाळचे आणि रात्रीचे अशी दोन पत्रके पाहिली तरी पुरे. मधल्या वेळात दूरचित्रवाणीवर वाऱ्यात झुकून उभा राहिलेला वार्ताहर पाहून ज्ञानात भर पडत नाही. काळजीत मात्र पडते.

अंदाज चुकतात, मग ते ऐकावेच कशाला, असे काहींचे मत असते. त्यांनी इतिहासाकडे पाहावे. १९२८ च्या सप्टेंबरात फ्लोरिडातील ओकिचोबी सरोवराकाठी वादळाची सूचना मिळून माणसे उंच जागी गेली होती. वादळ सांगितलेल्या वेळी आले नाही, तेव्हा पुष्कळजण घरी परतले. त्या रात्री वादळ आले, सरोवराचा बांध फुटला आणि किमान अडीच हजार माणसे बुडाली. त्यांतील बहुतेक गोरगरीब शेतमजूर होते. आपल्याकडे १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजारांचा बळी गेला; त्याच किनाऱ्यावर २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा लाखो लोकांना आधीच हलविल्यामुळे मृतांची संख्या शंभराच्याही पुष्कळ खाली राहिली. वादळे सौम्य झाली नाहीत. सूचना नेमकी झाली आणि माणसांनी ती मानली. १९९० च्या सुमारास तीन दिवस आधीच्या अंदाजात वादळाच्या जागेची जी चूक होत असे, ती आज निम्म्याहून कमी झाली आहे. विज्ञानाने आपल्याला दिलेले हे दोन-तीन दिवस फार मोलाचे आहेत. ते रडण्यात किंवा वादावादीत घालवू नयेत.

मग करावे काय? निर्णय वादळाच्या दिवशी नव्हे, तर तारीख ठरविण्याच्या दिवशीच करून ठेवावा, असे आमचे सांगणे आहे. घरातल्या सर्वांनी एकदा एकत्र बसावे आणि कोणती खूण दिसली म्हणजे काय करावयाचे ते कागदावर लिहावे. निघण्यास सात दिवस असताना वादळाची नुसती चर्चा असेल, तर काहीच बदलावयाचे नाही. पाच दिवस असताना मुक्कामाचे स्थान शंकूत आले, तर विमान कंपनीचे आणि हॉटेलचे नियम वाचून काढावयाचे आणि पर्यायी तारीख पाहून ठेवावयाची. धोक्याचा इशारा प्रत्यक्ष निघाला आणि तो आपल्या मुक्कामाच्या दिवसांना लागू होत असेल, तर सहल पुढे ढकलावयाची. त्यावर पुन्हा वाद नाही. असा कागद घरात असला म्हणजे दर तासाला नवा निर्णय करावा लागत नाही आणि दोन निर्णयांच्या मधला काळ मुलांना निर्धास्तपणे वाट पाहता येते.

पैशाचा प्रश्न येथे टाळता येणार नाही, कारण पुष्कळ माणसे धोका पत्करतात ती हौसेपेक्षा गुंतविलेल्या पैशापायी. डिस्ने वर्ल्डचा नियम असा की, ऑरलँडो परिसरासाठी किंवा पाहुण्याच्या राहत्या ठिकाणासाठी, पोहोचण्याच्या तारखेपूर्वीच्या सात दिवसांत हरिकेनचा इशारा निघाला, तर त्यांच्याकडे थेट केलेले खोलीचे किंवा सहलीचे आरक्षण त्यांच्या दंडाशिवाय बदलता किंवा रद्द करता येते. परंतु विमानाचे तिकीट, भाड्याची मोटार, दुसऱ्याकडून घेतलेली खोली यांना हा नियम लागू नाही. तेथे त्या त्या कंपनीचे नियम. विमान कंपन्या अशा प्रसंगी तारीख बदलण्याची सवलत पुष्कळदा जाहीर करतात, तीही विचारून घ्यावी. प्रवासाचा विमा उतरवावयाचा असेल तर तो आरक्षणाबरोबरच उतरवावा. वादळाला एकदा नाव पडले की ते ठाऊक असलेले संकट ठरते आणि त्यानंतर घेतलेला विमा त्या वादळापुरता बहुधा उपयोगी पडत नाही.

आता मुलांविषयी. वडीलधाऱ्यांचा एक समज असा की, मुलांना काही सांगू नये. त्यांचा हिरमोड होईल. परंतु मुलांना घरातली कुजबूज मोठ्यांच्या आधी कळते आणि न सांगितलेल्या संकटाची त्यांची कल्पना खऱ्या संकटाहून भेसूर असते. म्हणून त्यांना सरळ सांगावे. ‘समुद्रावर एक वादळ आहे. ते कुठे जाणार हे शास्त्रज्ञ रोज पाहत आहेत. ते आपल्या वाटेत आले तर आपण नंतर जाऊ. नाही आले तर ठरल्या दिवशी जाऊ.’ इतके पुरते. हे ऐकून सहा वर्षांची नात रडली तर रडू द्यावे. तिचे दुःख खरे आहे. ‘एवढ्याशा गोष्टीला काय रडतेस’ असे म्हणून ते खोटे ठरवू नये. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती मात्र नकाशा द्यावा. दर सायंकाळी वादळाचे अक्षांश-रेखांश त्याला टिंबाने नोंदवू द्यावेत. भूगोलाच्या पुस्तकातून जे महिनोन्महिने पटत नाही ते त्याला चार दिवसांत कळेल. आणि एक आश्वासन देऊ नये: ‘काही होणार नाही, आपण जाणारच.’ वादळाच्या वतीने कोणालाच वचन देता येत नाही.

आणि समजा, कुटुंब तेथे पोहोचल्यावरच वादळाने वाट बदलली? तेव्हाही घाबरण्याचे कारण नाही. मोठ्या हॉटेलांच्या पक्क्या इमारती हा अशा वेळी चांगला आसरा होय. २०१७ मध्ये इर्मा आले तेव्हा उद्याने १० आणि ११ सप्टेंबरला बंद होती; त्या काळात मिकी माउस व इतर सोंगे हॉटेलांच्या दालनांतच मुलांना भेटावयास आली होती. २०२४ मध्ये मिल्टन ९ ऑक्टोबरच्या रात्री पश्चिम किनाऱ्यावर आले. त्या दिवशी दुपारपासून उद्याने मिटली, १० तारखेला बंद राहिली आणि ११ ला पुन्हा उघडली. तंबू आणि लाकडी कुटीरांची वसाहत मात्र आधीच रिकामी करण्यात आली होती, आणि ते योग्यच होते. चाकांवरचे घर, तंबू, हलकी कुटी ही वादळात राहावयाची जागा नव्हे. पुष्कळ भारतीय कुटुंबे किसिमीच्या बाजूस भाड्याचे घर घेऊन राहतात. तेथे स्वयंपाकाची सोय असली तरी हॉटेलातील माणसांचा आधार नसतो. अशांनी तीन-चार दिवसांचे पिण्याचे पाणी, न शिजविता खाता येईल असे अन्न, विजेरी, आजी-आजोबांची रक्तदाबाची वा मधुमेहाची औषधे, पासपोर्टच्या प्रती आणि थोडी रोकड जवळ ठेवावी. वीज गेल्यावर जनरेटर घरात किंवा गॅरेजात लावू नये. त्याच्या विषारी धुराने वादळानंतर माणसे दगावली आहेत.

एक खुलासा येथे करणे इष्ट आहे. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारी गडगडाट करून पाऊस येणे हे नित्याचे आहे. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राईड थांबवितात आणि तासाभरात पुन्हा सुरू करतात. तो हरिकेन नव्हे. पहिल्याच सरीने ‘आले वादळ’ म्हणून हवालदिल होण्याचे कारण नाही. छत्रीऐवजी रेनकोट घेतला म्हणजे झाले. उलट, खुद्द हरिकेनमुळे उद्याने पूर्ण दिवस बंद राहिली असे दिवस १९७१ पासूनच्या अर्धशतकाहून अधिक काळात फार थोडे आहेत. आशा धरावयास पुष्कळ जागा आहे, ती अशी.

तथापि सहलीच्या चिंतेत आपण एक गोष्ट विसरू नये. आपण ज्या गावी चार दिवस जाणार, तेथे काही माणसे बारा महिने राहतात. वादळ सुरू असताना उद्यानातील काही सेवक घर सोडून तेथेच मुक्काम ठोकतात; पाहुण्यांची जेवणखाणाची व्यवस्था पाहतात, जनावरांना आत घेऊन सांभाळतात. त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या घरावरचे छप्पर शाबूत आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नसते. इर्माच्या वेळी फ्लोरिडातील साठ लाखांहून अधिक लोकांना स्थलांतराच्या सूचना होत्या आणि त्यांतील कितीतरी कुटुंबे आसऱ्यासाठी ऑरलँडोकडे आली. अशा प्रसंगी आपण सोडलेली एक खोली दुसऱ्या कोणा आजीबाईंच्या डोक्यावरचे छप्पर होऊ शकते. २०२२ मध्ये इयन हे वादळ २८ सप्टेंबरला नैर्ऋत्य किनाऱ्यावर आले. दोन दिवस बंद राहून ३० तारखेपासून उद्याने क्रमाने उघडली. त्याच दिवसांत फोर्ट मायर्सच्या किनाऱ्यावर ढिगाऱ्यांखाली माणसांचा शोध चालू होता. त्या वादळात फ्लोरिडात सुमारे दीडशे लोक दगावले. पर्यटकाने आनंद करू नये असा याचा अर्थ नव्हे. उद्याने उघडली म्हणजे तेथील सेवकांचा रोजगारही सुरू होतो. परंतु ‘आमचे दोन दिवस वाया गेले’ अशी तक्रार एखाद्या थकलेल्या सेवकापुढे करताना जीभ आवरावी, आणि शक्य तर त्याला विचारावे, ‘तुमच्या घरचे सुखरूप आहेत ना?’ आपल्या मुलांना त्या सहलीत मिळालेले हे शिक्षण कमी मोलाचे ठरणार नाही.

इकडे राहिलेल्या वडीलधाऱ्यांसाठीही दोन शब्द. मुलगा-सून परदेशात आणि बातमीत वादळ, अशा वेळी दर तासाला दूरध्वनी करावासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वादळाच्या वेळी त्यांना दूरध्वनीची बॅटरी जपून वापरावयाची असते. दिवसातून एक ठराविक वेळ ठरवावी. त्या वेळी त्यांनी ‘सुखरूप’ एवढा निरोप धाडावा. निरोप आला नाही तर वीज किंवा तारायंत्रणा बंद पडली असेल, हा पहिला विचार करावा. वाईट तो शेवटचा. आणि त्यांनी सहल पुढे ढकलली तर ‘एवढे पैसे भरले आणि गेला नाहीत?’ असे चुकूनही म्हणू नये. शिर सलामत तो पगडी पचास, ही म्हण आपल्याच वाडवडिलांची आहे. पुष्कळ तरुण आई-वडील इशारा निघाल्यावरही निघतात ते केवळ घरच्यांच्या बोलण्याच्या धाकाने. तो धाक आपण काढून घेतला, तर दुरूनही आपण त्यांच्या सुरक्षिततेला हातभार लावल्यासारखे होईल.

शेवटी इतकेच. वाट पाहणे हा संसारातला मोठा आनंद आहे आणि वादळाच्या बातमीने तो टाकून देण्याचे कारण नाही. पेरणी केलेला शेतकरी आभाळाकडे पाहत राहतो; पाऊस लांबेल, अति होईल, हे त्याला ठाऊक असते, तरी तो बियाणे घरात कोंडून ठेवीत नाही. आभाळ वाचण्यास मात्र तो शिकतो. सहलीची वाट पाहणाऱ्या कुटुंबानेही तसेच करावे. सामान भरावे, मुलांबरोबर दिवस मोजावेत, सकाळ-सायंकाळ एक पत्रक वाचावे आणि इशारा निघालाच तर न कुरकुरता तारीख बदलावी. उद्याने पुढल्या महिन्यातही उघडी असतील. त्यांत शिरताना घरातली सर्व माणसे बरोबर असावीत, एवढीच काळजी आपल्याला वाहावयाची आहे.